ट्रोलला नेमके काय हवे असते?

ऑनलाइन चर्चेत कोणी उद्धटपणे बोलले, शिवीगाळ केली किंवा बहुतेकांना मान्य असलेल्या मताविरुद्ध काही लिहिले, की त्याच्यावर ट्रोल असा शिक्का मारला जातो. या सरसकट शिक्क्यामुळे ट्रोलिंग कसे चालते आणि माणसे त्यात इतका वेळ का घालवतात, हे समजणे उलट अवघड होऊन बसते. रागाच्या भरात लिहिणारा माणूस निदान प्रामाणिक असतो. त्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे असते आणि ते जमत नाही म्हणून त्याचा तोल सुटतो. विरुद्ध मताच्या माणसाशिवाय तर चर्चा होतच नाही. ट्रोल या दोघांहून वेगळा असतो. त्याने मांडलेल्या मतावर त्याचा स्वतःचा विश्वास असेलच असे नाही, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला बहुधा आधीच ठाऊक असते आणि वाद जिंकण्यातही त्याला फारसा रस नसतो. त्याला हवा असतो प्रतिसाद. तो जितका लांबलचक, जितका तापलेला आणि जितक्या जास्त लोकांकडून आलेला, तितका त्याचा डाव यशस्वी.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ क्लेअर हार्डेकर यांनी यूजनेट या जुन्या चर्चाव्यवस्थेवरील मजकुराचा मोठा संग्रह तपासून 2010 मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. लोक एखाद्याला ट्रोल म्हणतात तेव्हा त्यांना काय अभिप्रेत असते, हे त्यांनी लोकांच्याच लिहिण्यातून शोधले आणि त्यातून चार लक्षणे पुढे आली: आक्रमकता, फसवणूक, व्यत्यय आणि यश. पहिली तीन अपेक्षितच आहेत. चौथे मात्र विचार करण्यासारखे आहे, कारण ट्रोलचे यश सर्वस्वी दुसऱ्यांच्या हातात असते. कोणी उत्तरच दिले नाही तर टाकलेली काडी तशीच विझून जाते. उरलेल्या तिन्हींमध्ये माझ्या मते फसवणूक सर्वांत महत्त्वाची आहे. आक्रमकता तर अनेक निष्णात ट्रोल स्वतः दाखवतही नाहीत. ती ते समोरच्याकडून करवून घेतात.

हे कसे घडते ते एका कल्पित उदाहरणातून जवळून पाहू. हौशी खगोलप्रेमींच्या गटात एक नवा आयडी लिहितो: "मी इथे नवीन आहे. दुर्बीण घेतली आणि ध्रुवतारा पाहिला, पण तो इतर ताऱ्यांपेक्षा काही फार तेजस्वी दिसला नाही. दुर्बिणीत दोष असेल का?" प्रश्न अगदी साळसूद आहे. ध्रुवतारा हा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा असतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तेजस्वितेच्या क्रमवारीत तो पन्नासाव्या क्रमांकाच्या आसपास आहे आणि त्याचे महत्त्व आहे ते आपल्या जागेवरून जवळजवळ न हलण्यामुळे. एक जुना सभासद हे सगळे सविस्तर आणि आपुलकीने समजावतो. त्यावर उत्तर येते: "धन्यवाद. पण मी लहानपणापासून वाचलेली पुस्तके वेगळेच सांगतात. ती सगळी चूक आणि तुम्ही एकटे बरोबर, असे म्हणायचे आहे का?" जुना सभासद तारकासूचीचा हवाला देतो, या वेळी त्याचा स्वर थोडा कोरडा असतो. नवा आयडी म्हणतो, "इथे नवख्यांशी असेच बोलतात का? मला सगळे माहीत असते तर विचारायला आलोच नसतो." आता आणखी एक सभासद नवख्याची बाजू घेते आणि ज्ञान असले तरी ते सांगण्याची एक रीत असते, असे जुन्या सभासदाला सुनावते. तो दुखावतो, कारण वेळ काढून पहिले उत्तर त्यानेच लिहिलेले असते. शब्दाने शब्द वाढतो, कुठला तरी मागचा वाद उकरून काढला जातो, तिसराच कोणी गट सोडण्याची भाषा करू लागतो. चर्चेचा धागा पुरता भरकटल्यावर नवा आयडी पुन्हा उगवतो आणि लिहितो: "बाप रे, मी तर फक्त एक प्रश्न विचारला होता."

या साऱ्या प्रकारात त्याने एकही अपशब्द वापरलेला नाही. त्याचे प्रतिसाद सुटे सुटे वाचले तर नियमभंग म्हणावा असे काहीच सापडत नाही, आणि तक्रारी तपासणारा मॉडरेटर ते बहुधा सुटे सुटेच वाचत असतो. कारवाई झालीच तर ती जुन्या सभासदावर होण्याची शक्यता जास्त, कारण चढलेला आवाज त्याचा असतो. वेड पांघरून पेडगावला जायचे, भांडण दुसऱ्यांमध्ये लावायचे आणि स्वतः नामानिराळे राहायचे, अशी ही कारागिरी आहे. तिला तयारीही लागते. जाणकाराला चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, हे ट्रोलला माहीत असते. म्हणून तो चूक अशी निवडतो की ती ठळक दिसावी, पण कोणी नवखा खरोखरच करू शकेल इतकी ती साधी असावी. गटात कोण हळवे आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही आणि कोणता विषय निघाला की सगळे इरेला पेटतात, याचा त्याने आधी वाचनमात्र राहून अभ्यास केलेला असतो. कित्येकदा तर नवख्याची बाजू घेणारी 'दुसरी सभासद' हीसुद्धा त्याचीच डुप्लिकेट आयडी असते.

याच जातकुळीतल्या आणखी युक्त्या आहेत. न संपणारे सभ्य प्रश्न ही त्यांतली एक: पुरावा मागायचा, तो दिला की त्याचा पुरावा मागायचा, आणि समोरचा कंटाळून थांबला की चर्चेला घाबरून पळाल्याचा आरोप करायचा. दुसरी शुभचिंतकाची. "मी तुमच्याच बाजूचा आहे, पण आपल्या लोकांच्या अशा वागण्याने आपलेच नुकसान होते," अशी सुरुवात करून गटाचा आत्मविश्वास आतून पोखरला जातो. तिसरी, एकाच प्रतिसादात दहा-बारा दावे ओतण्याची, म्हणजे समोरच्याने नऊ खोडले तरी उरलेल्यांवर तो गप्प बसला असे म्हणता येते. इटालियन प्रोग्रामर आल्बेर्तो ब्रांडोलिनी यांनी 2013 मध्ये म्हटले होते की भंपक विधान खोडून काढायला लागणारी शक्ती ते विधान करायला लागणाऱ्या शक्तीच्या कैक पटींनी जास्त असते. हा मोजून सिद्ध केलेला नियम नव्हे, पण ट्रोलिंगचे अर्थकारण त्यात नेमके पकडले गेले आहे. एका ओळीच्या खर्चात दुसऱ्याची संपूर्ण संध्याकाळ वसूल होते.

हा प्रकार सुरुवातीपासूनच इतका कडवट होता असे नाही. 1979 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून यूजनेट आकाराला आले आणि पुढच्या वर्षापासून ते वापरात आले. 1990च्या दशकाच्या आरंभी तिथे शहरी दंतकथांवर चर्चा करणारा एक गट होता. त्यातले जुने सभासद मुद्दाम एखादा चावून चोथा झालेला प्रश्न पुन्हा विचारत. जुन्यांना तो लगेच ओळखू येई आणि ते गालातल्या गालात हसत, तर नवखा मोठ्या उत्साहाने दुरुस्ती करायला धावे. थोडी फजिती झाली की तोही गटातला होऊन जाई. ही खोडी होती, आणि ती काढणारे व जिची काढली जाई ती माणसे शेवटी एकाच वर्तुळातली होती. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, तेवढ्यापुरता गोंधळ होई आणि मग ते तिथल्या रीतीभाती शिकत. 1993-94 च्या सुमारास अमेरिका ऑनलाइनसारख्या व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटची दारे उघडून दिली आणि नवख्यांचा ओघ थांबेनासाच झाला. जुन्यांनी वैतागून त्या काळाला कधीही न संपणारा सप्टेंबर असे नाव दिले. ओळखीचे वर्तुळ मोडले तशी खोडीमागची जवळीकही गेली. पुढे 2003 मध्ये क्रिस्टोफर पूल यांनी फोरचॅन हे चर्चेचे संकेतस्थळ सुरू केले, जिथे लिहिणाऱ्याला नाव घेण्याची गरजच नव्हती, आणि त्या वातावरणात अनोळखी माणसाच्या मनस्तापावर हसणे हाच करमणुकीचा प्रकार बनला.

लिखित शब्दाला आवाज नसतो, याचाही ट्रोलला मोठा आधार मिळतो. 2005 मध्ये नेथन पो यांनी उत्क्रांतिवादावरील एका ऑनलाइन वादात असे निरीक्षण नोंदवले की, डोळा मारणारी स्मायली किंवा तसे काही जोडले नाही तर टोकाच्या मताचे विडंबन इतके हुबेहूब वाटते की कोणी ना कोणी ते खरेच मानतो. उलटही तितकेच खरे आहे. गंभीरपणे लिहिलेले विषारी वाक्य अंगाशी आले की "अहो, गंमत होती" म्हणून ते मागे घेता येते.

माणसे हे का करतात, याची उत्तरे संशोधकांनी दोन दिशांनी शोधली आहेत. पडद्याआड माणसाचा संकोच का सैल होतो, याचे विश्लेषण मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये केले. ओळख लपलेली असते, समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही, आपल्या बोलण्याचा परिणाम त्याच क्षणी सोसावा लागत नाही आणि अधिकारी व्यक्तीचा धाकही जाणवत नाही. ही त्यांनी सांगितलेली काही कारणे. पण ही परिस्थिती सगळ्यांनाच लागू आहे आणि सगळे काही ट्रोल होत नाहीत. म्हणून कॅनडातील एरिन बकल्स, पॉल ट्रॅपनेल आणि डेलरॉय पॉलस यांनी स्वभावाकडे पाहिले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ऑनलाइन प्रतिक्रिया देताना आपल्याला सर्वांत जास्त मजा ट्रोलिंगमध्ये येते, असे सांगणारे 5.6 टक्के लोक निघाले, आणि स्वभावगुणांपैकी या आवडीशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो परपीडनात आनंद मानण्याच्या वृत्तीचा.

एवढ्यावर थांबलो असतो तर मूठभर विकृत माणसे वेगळी काढली की प्रश्न सुटला, असे वाटले असते. 2017 मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी केलेल्या प्रयोगाने ती सोय ठेवली नाही. त्यांनी सहभागी लोकांपैकी काहींना सोपी चाचणी दिली, तर काहींना मूड जाईल अशी अवघड. त्यानंतर एका लेखावर प्रतिक्रिया लिहायला सांगितले, आणि त्या लेखाखाली आधीच काहींना साध्या तर काहींना खोडसाळ प्रतिक्रिया दिसतील अशी व्यवस्था केली. मूड चांगला आणि आधीच्या प्रतिक्रिया साध्या असताना सुमारे 35 टक्के लोकांनी ट्रोलिंगमध्ये मोडणारे काही लिहिले. दोन्हींपैकी एक गोष्ट बिघडली की प्रमाण 50 टक्क्यांवर गेले, आणि दोन्ही बिघडल्यावर 68 टक्क्यांवर. या अभ्यासाने ट्रोलिंगच्या व्याख्येत शिवीगाळ आणि विषयांतरही धरले होते, म्हणजे सुरुवातीला केलेला रागीट माणूस आणि ट्रोल हा फरक त्यात पाळलेला नाही, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते. तरीही धाग्यातली पहिली दोन-चार वाक्ये पुढच्या सगळ्यांचा सूर ठरवतात, एवढे त्यातून नक्की दिसते, आणि मुरलेला ट्रोल ज्या सुरुवातीच्या जागेसाठी टपून असतो तिचे मोलही त्यातून कळते.

आणखी एक पात्र या नाटकात असते आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते: काहीही न लिहिता वाचणारा प्रेक्षक. ज्याला डिवचले जाते तो केवळ साधन असतो. खेळ मांडलेला असतो बघ्यांसाठी. कधी हे बघे ट्रोलचे स्वतःचे मित्र असतात, ज्यांना तो दुसरीकडे स्क्रीनशॉट पाठवून दाद मिळवतो, तर कधी कुंपणावर बसलेले सामान्य वाचक, ज्यांच्या मनात विषयाबद्दल किंवा गटाबद्दल किळस निर्माण झाली तरी त्याला पुरते. 2013 मध्ये डॉमिनिक ब्रोसार आणि डीट्रम शॉइफेले यांच्या गटाने नॅनोतंत्रज्ञानावरील एकच लेख वाचकांच्या दोन गटांना दाखवला होता, एकाखाली सभ्य आणि दुसऱ्याखाली असभ्य प्रतिक्रिया जोडून. असभ्य प्रतिक्रिया वाचलेल्यांमध्ये तंत्रज्ञानाच्या धोक्याबद्दलची आधीची मते अधिक टोकाची झाली, लेख तोच असूनही.

प्रेक्षकांवर होणाऱ्या या परिणामामुळेच पगारी ट्रोलिंगचा धंदा उभा राहिला. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील इंटरनेट रिसर्च एजन्सी या पगारी ट्रोल कंपनीवर अमेरिकेने फेब्रुवारी 2018 मध्ये आरोपपत्र ठेवले. त्यात 13 रशियन व्यक्ती आणि 3 संस्था आरोपी होत्या. या मंडळींची पद्धत ह्यूस्टनच्या प्रसंगात स्पष्ट दिसते. मे 2016 मध्ये तिथल्या एका इस्लामी केंद्रासमोर एकाच वेळी परस्परविरोधी निदर्शने झाली, इस्लामविरोधी आणि इस्लामच्या समर्थनाची. दोन्हींची हाक देणारी फेसबुक पाने रशियातून याच लोकांनी चालवलेली होती, आणि रस्त्यावर समोरासमोर उभी ठाकलेली माणसे मात्र खरीखुरी होती. खगोलप्रेमींच्या गटातला नवा आयडी आणि हे कार्यालय यांच्यात हेतूचा आणि पैशाचा फरक आहे, तंत्राचा फारसा नाही. चीनमधली रीत याहून वेगळी असल्याचे गॅरी किंग, जेनिफर पॅन आणि मार्गारेट रॉबर्ट्स यांनी 2017 मध्ये दाखवले. तिथे सरकारच्या वतीने वर्षाला सुमारे 44.8 कोटी पोस्ट लिहिल्या जातात, असा त्यांचा अंदाज होता, पण त्या पोस्ट टीकाकारांशी वाद घालत नाहीत. त्या उत्सवांबद्दल, इतिहासातल्या थोरांबद्दल गोड बोलून लोकांचे लक्ष दुसरीकडे वळवतात. व्यत्यय तोच, फक्त भांडणाशिवाय.

या प्रकाराला कला म्हणावे का, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील न्यायसूत्रांनी वादविवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी छल-कपटही वापरणारा जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचा खोडत राहणारी वितंडा. ट्रोल यांपैकी वितंडेच्या सर्वांत जवळचा वाटतो, पण वितंडा करणाऱ्यालाही समोरच्याचा पराभव हवा असतो. ट्रोलला तोही नको असतो, कारण पराभव झाला की चर्चा संपते आणि त्याला ती संपायला नको असते. कौशल्य त्याच्याकडे असते, यात शंका नाही. माणसांची पारख, वेळेचे भान आणि दुसऱ्याचा आवाज हुबेहूब काढण्याची हातोटी या लेखकाला लागणाऱ्याच गोष्टी आहेत, आणि एखाद्या पोकळ अहंकाराला टाचणी लावणारी खोडी वाचताना मलाही हसू येते. पण मार्च 2008 मध्ये अमेरिकेतील एपिलेप्सी फाउंडेशनच्या चर्चापीठावर झगमगत्या चित्रांचा मारा करण्यात आला, तो अपस्मार असलेल्या वाचकांना झटके यावेत म्हणून. त्यामागचे तर्कशास्त्र खोडीचेच होते. ब्रिटनच्या 2023च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने अशी चित्रे हेतुपुरस्सर पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे.

गटाचे खरे नुकसान मात्र ट्रोल गेल्यानंतर सुरू होते. संशोधक ज्युडिथ डोनाथ यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या निबंधात ट्रोलिंगला ओळखीबाबत फसवण्याचा असा खेळ म्हटले होते, ज्यात बहुतेक खेळाडूंची संमतीच घेतलेली नसते. त्याच निबंधात त्यांनी दाखवून दिले की, एकदा पोळलेल्या गटात खरोखरच अज्ञानातून विचारलेले भाबडे प्रश्नही ट्रोलिंग म्हणून झिडकारले जातात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. ध्रुवताऱ्याचा प्रश्न पुढच्या महिन्यात एखाद्या शाळकरी मुलीने विचारला, तर तिला तेच सविस्तर उत्तर मिळेल का? जुना सभासद आधी तिचा आयडी कधी तयार झाला ते पाहील. मदत करण्याची ऊर्मी हेच ज्या गटाचे भांडवल असते, त्याचे हे भांडवल प्रत्येक यशस्वी गळाबरोबर थोडे थोडे आटत जाते.

उपाय म्हणून सर्वांत आधी सांगितले जाते ते दुर्लक्ष करण्याचे, आणि प्रतिसाद हेच लक्ष्य असल्याने ते तर्काला धरून आहे. अडचण अशी की, शंभर जणांनी संयम पाळला तरी एकशेएकाव्याने दिलेले उत्तर पुरेसे असते. शिवाय आरोग्यासारख्या विषयात चुकीची माहिती उघडी सोडली तर ती वाचणाऱ्या तिसऱ्याच माणसाला इजा होऊ शकते. अशा ठिकाणी वाचकांना उद्देशून एकदाच, थोडक्यात आणि आधारासह दुरुस्ती लिहून पुढच्या चिमट्यांना उत्तर न देणे हा मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो. सगळ्यांना खरी नावे सक्तीची करावीत, ही सूचनाही वारंवार येते. दक्षिण कोरियाने मोठ्या संकेतस्थळांसाठी 2007 मध्ये तशी सक्ती केली. 2011 मध्ये एका कंपनीकडून सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली, आणि ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा नियम एकमताने रद्द केला. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आणण्याइतका त्याचा फायदा दिसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. स्वतःच्या नावाने आणि फोटोसह डिवचणारी माणसे आज इतकी दिसतात की या निकालाचे आश्चर्य वाटू नये.

राहता राहिली मॉडरेटरची हत्यारे. तापलेल्या धाग्यात दोन प्रतिसादांमध्ये सक्तीचे अंतर ठेवणे, नव्या आयडीला काही दिवस वाचनमात्र ठेवणे आणि एकेका प्रतिसादाऐवजी आयडीचा सगळा इतिहास एकत्र वाचणे, हे उपाय कष्टाचे असले तरी ट्रोलचे गणित बिघडवतात. सर्वांत धूर्त हत्यार आहे ते गुपचूप बंदीचे: ट्रोलला आपले प्रतिसाद नेहमीसारखे दिसत राहतात, इतरांना मात्र ते दिसतच नाहीत, आणि उत्तर येत नाही म्हणून तो कंटाळून निघून जातो. फसवणाऱ्यालाच फसवण्याची ही रीत परिणामकारक आहे, पण ती चुकून प्रामाणिक माणसावर वापरली गेली तर त्याला दाद मागायलाही वाव राहत नाही, कारण आपल्यावर कारवाई झाली आहे हेच त्याला ठाऊक नसते. युरोपीय संघाचा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू झाला आहे. त्यानुसार मजकूर काढून टाकला किंवा त्याची दृश्यता कमी केली तर प्लॅटफॉर्मने संबंधित वापरकर्त्याला त्याची कारणे कळवावी लागतात. हे पत्र प्रामाणिक सभासदाला अपील करण्याची संधी देते, आणि ट्रोलला नवा आयडी काढण्याची वेळ झाली असल्याची सूचना.